ताजी मासळी कशी घ्यायची, आणि पापलेटला नेमकं कुठे दाबायचं

मासे कसे निवडायचे हे सांगणारे ढीगभर व्हिडिओ आहेत आणि सगळ्यांत तेच ते, डोळे चकचकीत बघा, कल्ले लाल बघा, वास घ्या, झालं. एवढ्यावर विसंबून पापलेट घ्याल तर फसाल. मी फसलेय म्हणून सांगतेय. मी मूळची सोलापूरकडची, आमच्याकडे मासा म्हणजे उजनीची चिलापी नाहीतर कटला. लग्न होऊन मुंबईत आले आणि गेली २२ वर्षं घरातली मासळी मीच आणते, त्यामुळे आता कुणी काहीही सल्ला दिला की राहवत नाही.

जायचं सकाळी साडेआठ ते दहाच्या मधे. ससून डॉक, भाऊचा धक्का या मुंबईतल्या मासळीच्या बंदरांवरचे लिलाव पहाटे होतात, तिथून माल आपल्या बाजारात येऊन मांडेपर्यंत एवढे वाजतातच. रविवार, बुधवार, शुक्रवार भाव चढलेला असतो. सोमवारी-गुरुवारी बऱ्याच घरांत खात नाहीत म्हणून थोडं स्वस्त मिळतं, पण कालचा उरलेला मालही त्याच दिवशी पुढे येतो, तेव्हा स्वस्त मिळतंय म्हणून बघायचं सोडू नका.

पोचल्या पोचल्या घ्यायचं नाही. एक पूर्ण फेरी मारायची, भाव विचारायचे, मग थांबायचं.

आता उजेड. हे कुणीच सांगत नाही. बाजारावर लाल नाहीतर निळी ताडपत्री असते, खाली पिवळे बल्ब लटकवलेले असतात, आणि लाल ताडपत्रीखाली चार दिवसांचा बांगडासुद्धा गुलाबी दिसतो. मासा हातात घेऊन दोन पावलं बाहेर, उन्हात यायचं. आधी विचारायचं, "मावशी, जरा उजेडात बघते हां." चांगला माल असलेली कोळीण कधी नाही म्हणत नाही. जी हातातून मासा ओढून घेते तिच्याकडून मी घेत नाही.

आता पापलेट. इथेच सगळे अडकतात आणि मीही अडकले होते.

नणंदेकडची मंडळी जेवायला येणार होती, मी संध्याकाळी जाऊन तीन मोठी पापलेटं आणली. डोळे स्वच्छ, कल्ल्याची कड लालभडक, मला वाटलं उत्तम. घरी सुरी लावली तर मांस काट्यापासून आपोआप सुटायला लागलं, तव्यावर टाकल्यावर तुकडी उलटताच येईना, नुसता भुगा, आणि वास असा की खिडक्या उघडाव्या लागल्या. पाहुण्यांना शेवटी अंडाकरी वाढली. पैशांपेक्षा मला हे लागलं की सगळं बघूनही मला कळलं नाही.

नंतर कळलं की चूक बघण्याच्या पद्धतीतच होती. कटल्याचं कल्ल्यावरचं झाकण दारासारखं उघडतं, आतलं सगळं दिसतं, आणि मी लहानपणापासून तेच शिकले होते. पापलेटची कल्ल्याची फट अगदी छोटी असते. त्यातून नुसती कड दिसते, आणि ती कड लाल दिसावी म्हणून दुसऱ्या माशाचं रक्त लावणारेही असतात. डोळ्यांचंही तसंच, बर्फात नीट ठेवलेल्या पापलेटचे डोळे बरेच दिवस बरे दिसतात. म्हणजे ज्या दोन खुणांवर सगळे व्हिडिओ उभे आहेत त्या दोन्ही पापलेटला कच्च्या.

मला खरी खूण दाखवली ती एका म्हाताऱ्या कोळणीने. मी दर पापलेटचा कल्ला नखाने उघडायला बघत होते तेव्हा तिने माझा हात धरून अंगठा कल्ल्याच्या जरा मागे ठेवला आणि म्हणाली, "आत काय बघतेस बाय, हितं दाब." दाबलं तर फटीतून दुधासारखं पांढरट पाणी आलं. मग तिने स्वतःच बाजूच्या टोपलीतलं कालचं एक दाबून दाखवलं, त्यातून तपकिरी लालसर गढूळ पाणी आलं. दोन्ही माझ्या हातात होती आणि वरून दोन्ही सारखीच दिसत होती. तेव्हापासून मी हेच करते. डाव्या हातात पापलेट आडवं धरायचं, अंगठा कल्ल्याच्या मागे, आणि तोंडाच्या दिशेने जरा जोर देऊन दाबायचं. पांढरं पाणी आलं तर घ्यायचं. लाल, तपकिरी किंवा वास येणारं आलं तर शांतपणे परत ठेवायचं. काहीच नाही आलं आणि अंग लिबलिबीत लागलं तर बहुतेक वेळा ते गोठवून परत वितळवलेलं असतं, तेही नको.

प्रत्येक पापलेट वेगळं दाबायचं, हे मी हात जोडून सांगते. चार घेतली आणि एकच दाबलं असं करू नका, कारण आजच्या मालात कालची एक-दोन मिसळलेली असतात आणि नेमकी तीच तुमच्या पिशवीत येतात. दुसरी खात्री म्हणजे अंगावर मधोमध बोट दाबून सोडायचं, खड्डा लगेच भरला पाहिजे. पोटाकडे पिवळट झाक असेल तर सोडून द्या. आणि दाबताना नख लावायचं नाही, मासा खराब होतो आणि तो दुसऱ्या कुणाला तरी विकायचा असतो, हे आपणही समजून घेतलं पाहिजे.

बर्फाला घाबरू नका. "बर्फातलं नको, ताजं द्या" असं ऐटीत म्हणणारे लोक बघितले की मला राग येतो. मोठे ट्रॉलर कित्येक दिवस समुद्रात असतात, तो माल बर्फातच येणार आणि बर्फात नीट राहिलेला मासा चांगलाच असतो. मे महिन्यात अकरा वाजता बर्फाशिवाय फळीवर पडलेला मासा मात्र मी फुकट दिला तरी घेणार नाही. बांगडा, सुरमई, कुपा म्हणजे ट्यूना यांच्या बाबतीत तर अजिबातच नाही, कारण हे मासे उष्णतेत राहिले की त्यांत हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. तोंड लाल होणं, अंगाला खाज, डोकं दुखणं हे त्याने होतं आणि लोक समजतात मसाला बाधला.

एसी दुकानात ट्रेमधे पॅक केलेला मासा घेत असाल तर लेबलवरची तारीख बहुतेक पॅक केल्याची असते, पकडल्याची नाही. एका दुकानातून मी आजच्या तारखेची सुरमई आणली होती, प्लास्टिक फाडल्याबरोबर कळलं. परत न्यायला गेले तर "पॅक उघडल्यावर परत घेत नाही" म्हणाले. न उघडता कळणार कसं? तेव्हापासून हात लावू देत नाहीत तिथे मी जात नाही.

बाकीच्यांचं सोपं आहे. बांगडा डोक्याकडून आडवा धरायचा, ताठ राहिला पाहिजे, शेपटी लोंबली तर नको, पोट फुटलेला तर नकोच. सुरमई अख्खी बघून समोर कापून घ्यायची, आधीच कापून ठेवलेल्या तुकड्या नाही. बोंबील चमकदार आणि जबड्याशी गुलाबी हवा, आणि आणला त्याच दिवशी करायचा. कोळंबीचं डोकं घट्ट हवं, काळं पडलेलं नको. चिंबोरी म्हणजे खेकडा, जिवंत आणि आकाराच्या मानाने जड हवी, हलकी लागली तर आत काही नसतं. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, बंद असलेल्या घ्यायच्या, उघडी असेल तर टकटक करून बघा, मिटली तर जिवंत आहे.

भाव करायचा, पण अर्ध्यावरून सुरुवात करू नका. ती बाई पहाटे तीनला उठून धक्क्यावर गेलेली असते, टोपली भरून टेम्पोत चढवून आणलेली असते. "मावशी, शेवटचं सांगा" एवढं पुरतं. मांदेली, करंदी, बोंबील वाट्यावर असतात, तिथे पैसे कमी करण्यापेक्षा "वर थोडं टाका" म्हटलं तर जास्त मिळतं. वजन कापायच्या आधी करून घ्या आणि कापेपर्यंत तिथेच उभं राहा. डोकी मागून घ्या, कालवणाला लागतात.

१ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. तेव्हा "आजचं समुद्रातलं पापलेट" म्हणून कुणी काही देत असेल तर ते कोल्ड स्टोरेजचं किंवा बाहेरून आलेलं समजायचं. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे खाडीची चिंबोरी, मिळाला तर जिताडा, नाहीतर सुकट आणि सुके बोंबील. आणि वर्षभरात कधीही तळहाताएवढीही नसलेली पापलेटची पिल्लं घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. सरकारने २०२३ मधे पापलेटला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडायचा किमान आकारही ठरवला, पण आपण विकत घेत राहिलो तर ती पिल्लं जाळ्यात येत राहणार. मी मावशींना सांगून ठेवलंय, मोठं नसेल तर मला हाक मारू नका, मी मांदेली घेऊन जाईन.

घरी आल्यावर आधी मासे, मग बाकीची कामं. धुवून, पाणी निथळू देऊन मीठ-हळद लावायची, झाकून फ्रीजच्या सगळ्यात थंड कप्प्यात ठेवायचं आणि त्याच दिवशी खायचं. तिसऱ्या शिजल्यावर ज्या उघडणार नाहीत त्या टाकून द्यायच्या.