बे दाहे वीस का छापलं जात नाही? फॉर लूप शिकताना

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत फॉर लूप, म्हणजे तेच काम ठरावीक वेळा करून घेणारी रचना, कसा लिहायचा हे दहा मिनिटांत पाठ होतं. घोळ होतो तो मोजण्यात. दोनचा पाढा छापायचा म्हणून बहुतेक नवशिके 'फॉर आय इन रेंज(१, १०)' लिहितात (आय म्हणजे दर फेरीला बदलणारा आकडा) आणि पाढा 'बे नव्वे अठरा'वर थांबतो. पायथनच्या रेंजमधला दुसरा आकडा गाठायचा नसतो, त्याच्या अलीकडे थांबायचं असतं. म्हणून रेंज(१, ११). फेऱ्या किती होणार हे बघायला दुसऱ्यातून पहिला वजा करा: ११ वजा १, दहा. एकच आकडा दिला, म्हणजे रेंज(५), तर मोजणी शून्यापासून होते: ०, १, २, ३, ४.

ही शून्याची भानगड ट्रान्स-हार्बर या लोकलच्या मार्गावर चांगली समजते. ठाण्याहून वाशीपर्यंतची यादी करा: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. स्थानकं ९, पण ठाण्याचा क्रमांक ० आणि वाशीचा ८. आता 'या स्थानकापासून पुढच्या स्थानकापर्यंत' अशा जोड्या छापायच्या आहेत. फेऱ्या किती? ८, कारण ९ स्थानकांमध्ये टप्पे आठच. इथे सवयीने रेंज(९) लिहिलं, तर आय ८ झाल्यावर प्रोग्रॅम आय अधिक १, म्हणजे क्रमांक ९ मागतो. वाशीच्या पुढे यादीत काहीच नाही, म्हणून 'लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज'. हा एरर दिसला की आधी शेवटची फेरी तपासा, पहिली नंतर.

लूप डोक्यात चालवू नका, कागदावर चालवा. तीन रकाने आखा: फेरी, चालू किंमत, एकूण. समजा सोसायटीच्या तीन फ्लॅटचा मेंटेनन्स १५००, १८०० आणि २१०० आहे. 'एकूण = ०' लूपच्या वर असेल तर तिसरा रकाना १५००, ३३००, ५४०० असा भरत जातो. तीच ओळ लूपच्या आत गेली, तर प्रत्येक फेरीला गल्ला रिकामा होतो आणि शेवटी २१०० उरतात. एरर येत नाही, उत्तर चुकतं. म्हणूनच ही चूक जास्त छळते. एकूण छापणारी प्रिंटची ओळ चार स्पेस सरकून लूपच्या आत गेली तर एका उत्तराऐवजी तीन ओळी छापल्या जातात. पायथनमध्ये आत काय आणि बाहेर काय हे इंडेंटेशनच, म्हणजे ओळीआधी सोडलेली जागाच ठरवते, तेव्हा टॅब आणि स्पेस यांची खिचडी नको.

यादीवर लूप चालू असताना त्याच यादीतून काही काढू नका. ४, ६, ७, ८ मधून सम संख्या काढायला गेलात तर ६ तसाच राहून जातो. शेअर रिक्षाच्या रांगेतला पहिला माणूस उठून गेला की मागचे सगळे एक घर पुढे येतात. लूप मात्र पुढच्या क्रमांकाकडे निघालेला असतो, त्यामुळे पहिल्या जागी सरकलेल्या ६ कडे त्याचं लक्षच जात नाही. हव्या त्या किंमती नव्या यादीत भरा, इतकंच.

लुपात लूप आला की घाबरायला होतं. सात मजली इमारत घ्या, मजल्यावर चार फ्लॅट. बाहेरचा लूप रेंज(१, ८), आतला रेंज(१, ५), क्रमांक म्हणजे मजला गुणिले १०० अधिक फ्लॅट. आधी १०१ ते १०४, मगच २०१. आतला लूप पूर्ण संपल्याशिवाय बाहेरचा पाऊल टाकत नाही. एकूण २८ ओळी, शेवटची ७०४.

डिप्लोमात किंवा इंजिनिअरिंगला सी ही भाषा असेल तर वेगळा सापळा आहे. तिथे अट आपणच लिहितो, 'आय <= १०' चालतं, त्यामुळे पाढा दहापर्यंत सरळ जातो. पण फॉरच्या कंसानंतर चुकून अर्धविराम पडला, तर लूप त्या अर्धविरामावरच दहा रिकाम्या फेऱ्या मारतो. आय लूपच्या आधी डिक्लेअर केलेला (जाहीर केलेला) असेल तर कंपायलर, म्हणजे कोड तपासून मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम, सहसा अडवतही नाही. प्रिंटएफची, म्हणजे छापण्याची ओळ लूप संपल्यावर एकदाच चालते, तोवर आय ११ झालेला असतो आणि स्क्रीनवर अख्ख्या पाढ्याऐवजी एकच ओळ दिसते: २ गुणिले ११ बरोबर २२.