विंदा करंदीकर मुलांना शिकवताना या चुका टाळा

गोव्यातल्या शाळेत तिसरी-चौथीच्या वर्गात विंदांची ओळख करून देताना पहिली घसरण नावावरच होते. फळ्यावर 'बालकवी विंदा करंदीकर' असं लिहिलं जातं आणि मुलं घरून भलत्याच कवीची माहिती घेऊन येतात. चूक त्यांची नाही. 'बालकवी' ही उपाधी त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांची, 1907च्या जळगावच्या कविसंमेलनात मिळालेली; तीही कवीचं वय कोवळं होतं म्हणून, तो मुलांसाठी लिहीत होता म्हणून नव्हे. तारखाही घोटाळ्याला हातभार लावतात. ठोंबऱ्यांचा जन्म 13 ऑगस्ट 1890चा, विंदांचा 23 ऑगस्ट 1918चा, आणि ठोंबरे गेले ते 1918च्याच मे महिन्यात. ही दोन नावं एका तासात काढूच नयेत. 'मुलांसाठी कविता लिहिणारे विंदा' असं सरळ लिहावं.

दुसरा घोटाळा टिंबांचा. पु. ल., ग. दि. मा. यांच्या सवयीने मुलं 'वि. दा. करंदीकर' लिहितात. पूर्ण नाव गोविंद विनायक करंदीकर. 'गोविंदा'तला 'गो' पुसला की 'विंदा' उरतो. हे फळ्यावर पुसूनच दाखवावं, मग टिंबं परत येत नाहीत.

जन्म देवगड तालुक्यातला. जुन्या पुस्तकात जिल्हा रत्नागिरी, नव्यात सिंधुदुर्ग दिसला की मुलं एक खोटं ठरवतात. सिंधुदुर्ग जिल्हा 1981मध्ये वेगळा झाला, एवढं सांगितलं की भागतं. गोव्याच्या सीमेवरच्या पेडण्यातल्या मुलाला तर तो शेजारचाच जिल्हा.

सनावळी वहीत उतरवून घेणं हा सगळ्यात फुकट जाणारा तास. त्याऐवजी पाच मीटरची सुतळी घ्या, एका वर्षाला 5 सेंटिमीटर धरा. 1918 शून्यावर. पहिला संग्रह 'स्वेदगंगा' 1949चा, म्हणजे 155 सेंटिमीटरवर गाठ. मुलांसाठीचं 'राणीची बाग' 1961चं, 215वर. शेवटची गाठ विंदा गेले त्या 2010ची, 460वर. 'राणीची बाग'च्या गाठीलाच दुसऱ्या रंगाची चिंधी बांधा: गोवा मुक्त झाला तो 19 डिसेंबर 1961ला. ज्यांच्या घरी पोर्तुगीज काळ आठवणारी आजी आहे, त्यांना आता ही तारीख पाठ करावी लागत नाही. ज्ञानपीठाची गाठ (2003चा, 425वर) बांधताना तो बालकवितेचा पुरस्कार नव्हे, हे सांगायला विसरू नका.

आता कविता. 'राणीची बाग' म्हटलं की इथली मुलं राजवाडा आणि फुलांचे ताटवे रंगवतात. ती मुंबईत भायखळ्याला असलेली प्राण्यांची बाग. आधी गोव्यातल्या बोंडला प्राणिसंग्रहालयाची आठवण काढा, पुस्तक मग उघडा. उलट विंदांची 'पिशीमावशी' समजावत बसू नका. कोंकणीत पिशी म्हणजे वेडी, हे सत्तरी तालुक्यातल्या पोराला सांगावं लागत नाही. पुण्यातल्या मुलाला सांगावं लागेल. असे शब्द मुलांकडूनच काढून घ्यावेत. काही शब्द मात्र फसवतात. 'भात' ऐकून आपल्या मुलांना शेत दिसतं, कारण कोंकणीत ताटातलं ते शीत. अर्थ बिघडला की यमकही त्यांना कळेनासं होतं. म्हणून वाचनाआधी असे तीन-चारच शब्द काढा. दहा काढलेत तर तो भाषेचा पाठ होतो, कविता राहते बाजूला.

घरी कोंकणी बोलणारं मूल म्हणताना 'माझा'चं 'माझो' करतं. मध्येच थांबवलंत तर लय तुटते आणि पुढच्या ओळीला ते मूल गप्प होतं. कविता पुरी होऊ द्या, मग ती एकच ओळ सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घ्या.

समूहगान फसतं ते टाळ्यांमुळे. प्रत्येक अक्षरावर टाळी पडली की कविता पाढ्यासारखी होते आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत वेग दुप्पट झालेला असतो. टाळी फक्त ठेक्यावर, तीही मांडीवर, एका बोटाने. गट आठ-दहा जणांचा पुरे; चाळीस जणांत शब्द ऐकूच येत नाहीत.

'या कवितेतून काय बोध मिळतो?' हा प्रश्न इथे गैरलागू. गंमतीच्या कवितेला बोध चिकटवला की मुलं 'खोटे बोलू नये' वगैरे लिहून मोकळी होतात. त्याऐवजी एक कडवं वाढवायला सांगा, प्राणी गोव्याचा: गवा, खवल्या मांजर, माकड. अडलेल्या मुलाला पहिली ओळ देऊ नका. शेवटचे दोन जुळणारे शब्द द्या आणि मागून पुढे येऊ द्या.

विंदांचा कार्यक्रम जन्मदिनी, 23 ऑगस्टलाच हवा, हा हट्टही सोडा. 2020मध्ये चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, 22 तारखेलाच होती. चवथ अशी लवकर आली की निम्मा वर्ग माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचं) सामान आणण्यात गुंतलेला असतो, आणि सुट्टीनंतर पाठांतर पुन्हा पहिल्यापासून. अशा वर्षी जुलैचा शेवटचा आठवडा धरावा.