संप्रेरक आणि पेशीपटल: तुमच्या कंट्रोलमध्ये काय आहे?

अ‍ॅब्सिसिक आम्ल हे वनस्पतींचं संप्रेरक पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून त्याचा स्टॉक, म्हणजे नंतर पातळ करून वापरायचं दाट द्रावण, इथेनॉलमध्ये करतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मलाही ठाऊक होतं. तरी चार महिने वाया गेले, आणि ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

प्रश्न होता, हे संप्रेरक पेशीपटल गळकं करतं का. प्रयोग साधा: बीटच्या चकत्या, पटलातून बाहेर झिरपलेला लाल रंग, तो मोजायला कलरीमीटर. माझा स्टॉक 1 मिलीमोलरचा. त्यामुळे 10 मायक्रोमोलर डोसबरोबर द्रावणात 1 टक्का इथेनॉल जायचं, 100 मायक्रोमोलरबरोबर थेट 10 टक्के. कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठीच्या शून्य डोसच्या नळीत, मात्र नुसतं पाणी. डोस वाढला की रंग वाढायचा. आलेख इतका देखणा की शंका घ्यावीशीच वाटली नाही. पण इथेनॉल स्वतःच पटलातल्या मेदाची बांधणी सैल करतं, आणि डोसबरोबर तेही वाढत होतं. दोघांतलं कोण काम करतंय, हे त्या आलेखावरून कधीच कळलं नसतं. म्हणून स्टॉक 50 मिलीमोलरचा करा. 100 मायक्रोमोलरला 0.2 टक्केच इथेनॉल लागेल. कमी डोसच्या नळ्यांत वरून इथेनॉल घालून सगळीकडे तेवढंच ठेवा. शून्य डोसच्या नळीतही. तिथेच मी चुकले. असा कंट्रोल नसलेले आकडे वाचवत बसू नका, टाकून द्या.

‘सगळे असंच करतात’ म्हणणाऱ्या सीनियरपेक्षा रोज स्वतःच्या हाताने द्रावणं करणाऱ्याला विचारा, मग तो कितीही ज्युनियर असो.

संप्रेरकाऐवजी क्षारांचा पटलावरचा परिणाम पाहायचा असेल, तर गणित त्या मानाने सरळ आहे. कॅल्शियम मेदरेणूंचे फॉस्फेट गट एकमेकांशी सांधतं, म्हणून पटल घट्ट राहतं. मुळांना पोटॅशियम निवडून घेण्यासाठी कॅल्शियम लागतं, हे वनस्पतिशास्त्रज्ञ एप्स्टाइन यांनी 1961 मध्येच मांडलं. फक्त रंगाऐवजी, बाहेर आलेल्या आयनांमुळे वाढणारी विद्युतवाहकता मोजणार असाल, तर कॅल्शियमसाठी घातलेलं कॅल्शियम क्लोराइड स्वतःच वाहक आहे हे विसरू नका. आधी चकत्या धुवा, मग आयनविरहित पाण्यात ठेवून मोजा.

आणि आयन बाहेर आले म्हणजे पटल फाटलंच असं नाही. पर्णरंध्राच्या रक्षक पेशींत अ‍ॅब्सिसिक आम्ल आयनांच्या वाहिन्या उघडायला लावतं. पोटॅशियम बाहेर जातं, रंध्र मिटतं, पेशी धडधाकट राहते.

घाबरू नका. नीट कंट्रोल लावून ते सगळं पुन्हा करायला मला अकरा दिवस पुरले.