घनकचरा शिकवायचा तर आधी ताडपत्री पसरा

हा विषय पहिल्यांदा वाट्याला आला की बहुतेक जण नियमांपासून सुरुवात करतात. २००० चे नियम, २०१६ चे नियम, ओला-सुका-घरगुती घातक अशी वर्गवारी. तिसऱ्या तासाला मागची बाकं रिकामी. नियम शिकवायचेच आहेत, पण महिनाभराने. आधी आपल्याच वसतिगृहाचा कचरा तोलून घ्या. मुलांनी स्वतः काढलेले आकडे हाती आले की पुढचं सत्र त्यांच्यावरच चालतं.

साहित्य साधं आहे: तीन बाय तीन मीटरची जाड ताडपत्री, पन्नास किलोचा काटा, ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, दहा बादल्या, फावडं, चिमटे, आणि एक चौकोनी खोकं, ५० सेंमी लांब, ५० रुंद, ४० उंच. म्हणजे बरोबर शंभर लिटर. सुती हातमोज्यांवर जाड रबरी मोजे चढवायला लावा, कारण ब्लेड आणि फुटकी काच हमखास निघते. धनुर्वाताची लस झाली आहे का, हे आधीच विचारा. सॅनिटरी पॅड आणि सुया चिमट्यानेच उचलून वेगळ्या झाकणाच्या डब्यात टाकायच्या, पिशव्या उघडायच्या नाहीत. अशी पाकिटं ओळखू यावीत म्हणून कागदात गुंडाळून लाल ठिपका काढण्याची मोहीम पुण्यातल्या कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने का चालवली, हे इथे वेगळं समजावावं लागत नाही.

दिवसाचा सगळा ढीग ताडपत्रीवर ओतून फावड्याने कालवा, सपाट करा, चार भाग पाडा. समोरासमोरचे दोन ठेवा, दोन काढून टाका. उरलेलं पुन्हा कालवा, पुन्हा चार भाग. साधारण शंभर किलो उरले की थांबा. इथे मुलं आळस करतात आणि वरवरचा, हलका माल उचलतात. राख, माती, भाताची शितं तळाशी राहतात आणि प्लास्टिकची टक्केवारी फुगते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे बादलीचं वजन वजा न करणं. तिसरी, ‘इतर’ या बादलीत सगळं ढकलणं. ‘इतर’ दहा टक्क्यांच्या वर गेलं तर वर्गीकरण झालंच नाही असं समजून बादली परत ओतायला लावा.

एकच दिवस मोजून चालत नाही. सलग सात दिवस हवेत. रविवारची मेस वेगळी, एकादशीला बटाट्याची आणि केळ्यांची सालं वेगळी. जुलैत उघड्यावर ठेवलेला कचरा मोजलात तर निम्मा पाऊसच मोजाल.

घनतेसाठी खोकं भरा, फूटभर उचलून तीनदा आपटा, खाली बसलेली जागा पुन्हा भरा, मग तोला. बेचाळीस किलो भरलं तर घनता ४२० किलो प्रति घनमीटर. टनभर कचऱ्याला गाडीत किती जागा लागेल, हे मुलंच सांगतात.

सगळ्यात जास्त वेळ ओलाव्यावर द्या. नमुना १०५ अंशांवर चोवीस तास ओव्हनमध्ये ठेवा आणि आधीचं-नंतरचं वजन फळ्यावर लिहा. समजा ओलावा ६० टक्के निघाला. किलोभर कचऱ्यात ४०० ग्रॅम कोरडा पदार्थ. त्याची उष्णता किलोला ४००० किलोकॅलरी धरली तर मिळाले १६००. त्यातून ६०० ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण ३६० खर्च. उरले १२४०. पुनर्वापर न होणारा, १५०० किंवा त्याहून जास्त उष्मांकाचा कचरा भराव क्षेत्रात, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेत, टाकायचा नाही, तो ऊर्जेसाठी वापरायचा, असं २०१६ च्या नियमांत होतं. आपला ढीग त्या रेषेच्याही खाली. मिश्र कचरा जाळून वीज काढणं का अवघड जातं आणि घरातच वेगळं करण्याचा आग्रह का, ही दोन्ही उत्तरं या वजाबाकीत आहेत.

खताचा ढीग मात्र आवारातच लावा, तीन फूट लांब-रुंद-उंच. त्याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. कार्बन-नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला एक हवं. स्वयंपाकघराचा कचरा एकटा त्याच्या खालीच राहतो, म्हणून सुका पाला मिसळायचा. मूठभर दाबल्यावर एक-दोन थेंब पडले की ओलावा ठीक. अमोनियाचा वास आला तर पाला कमी पडलाय. कुजक्या अंड्यांचा आला तर हवा कमी पडलीय, ढीग उलटवा. तापतच नसेल तर बहुधा कोरडा आहे.

प्लास्टिकसाठी पाण्याची बादली पुरते. बाटलीचे तुकडे बुडतात, तिचं झाकण तरंगतं. दोन्ही एकत्र वितळवू नयेत हे त्यावरून कळतं. पण कडक, मऊ, दूधपिशवी, वेफर्सचं पाकीट यांतलं काय विकलं जातं आणि काय नाही, हे शिकवायला प्राध्यापक नको. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, तर ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेसोबत काम करते आहे. त्यांच्यातल्या एखाद्या ताईंना रीतसर पाहुण्या व्याख्यात्या म्हणून बोलवा, आणि इतर पाहुण्यांना देता तेवढंच मानधन द्या. पत्रात ‘प्रात्यक्षिक सहाय्यक’ लिहू नका.

उरुळी देवाची-फुरसुंगीच्या, म्हणजे पुण्याच्या कचरा डेपोची भेट शेवटी ठेवा. परवानगीचा अर्ज सत्राच्या पहिल्याच आठवड्यात टाका, आणि बसमध्ये चढण्याआधी प्रत्येकाच्या वहीत वसतिगृहाचा सात दिवसांचा तक्ता आहे ना, ते बघा.