पपेटमध्ये सर्व्हरला एन्व्हायर्नमेंट देताना या चुका टाळा

पपेट म्हणजे अनेक सर्व्हरची सेटिंग्ज एका जागेवरून लावणारं सॉफ्टवेअर. आमच्याकडे सर्व्हरना किल्ल्यांची नावं द्यायची पद्धत होती. तोरणा, राजगड, सिंहगड, आणि मुख्य डेटाबेसचा सर्व्हर देवगिरी. कोणता सर्व्हर कोणत्या एन्व्हायर्नमेंटमध्ये जाणार हे एक छोटी स्क्रिप्ट ठरवायची: नावात ‘डेव्ह’ दिसलं की डेव्हलपमेंट (प्रयोगाचं), नाहीतर प्रॉडक्शन (खऱ्या कामाचं). आता देवगिरी रोमन लिपीत लिहून बघा. पहिली तीन अक्षरं डी, ई, व्ही!

पपेटचा एजंट, म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर बसलेला त्याचा प्रोग्राम, सेटिंग बदललं नसेल तर, दर 30 मिनिटांनी धावतो. पुढच्याच फेरीत प्रॉडक्शनच्या डेटाबेसने डेव्हलपमेंटची कॉन्फिग फाइल उचलली, मेमरीचे आकडे पार खाली आले, सर्व्हिस रीस्टार्ट झाली आणि फोन वाजायला लागले. मी घाईघाईने पॅटर्नच्या सुरुवातीला कॅरेट (^, म्हणजे ‘नावाची सुरुवातच अशी हवी’) लावला आणि हुश्श केलं. पण देवगिरीची सुरुवातच त्या अक्षरांनी होते, त्यामुळे कॅरेटचा उपयोग शून्य.

शेवटी पॅटर्न काढूनच टाकला. यामल या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये सरळ यादी ठेवली, या सर्व्हरला हे एन्व्हायर्नमेंट, अशी. यादीत नाव नसेल तर स्क्रिप्ट एरर देऊन बाहेर पडते, म्हणजे नव्या सर्व्हरला चुकीचा कॅटलॉग (त्यावर काय काय असावं याचा पपेटने बनवलेला आराखडा) मिळण्याऐवजी कॅटलॉगच मिळत नाही. ‘नाहीतर प्रॉडक्शन’ ही पळवाट मला आता कुठल्याच स्क्रिप्टमध्ये बघवत नाही. पपेट एंटरप्राइजचा, म्हणजे विकतच्या आवृत्तीचा, कन्सोल असेल तर ग्रुपचे नियम सर्व्हरच्या नावावर न लावता सर्व्हरच्या ओळखीच्या सर्टिफिकेटमध्ये कोरलेल्या ट्रस्टेड फॅक्टवर (फॅक्ट म्हणजे सर्व्हरविषयीची नोंद) लावा. फक्त तो फॅक्ट सर्टिफिकेटची विनंती तयार होण्याआधी लिहावा लागतो. नंतर बदलायचा तर सर्टिफिकेट नव्याने काढावं लागतं.

दुसरी तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते: “पपेट डॉट कॉन्फमध्ये एन्व्हायर्नमेंट बदललं, तरी काही होत नाही.” होणारच नाही. स्क्रिप्टने किंवा कन्सोलने एन्व्हायर्नमेंट ठरवून दिलं असेल तर शेवटचा शब्द त्यांचा. एजंटच्या फाइलमधली ओळ ही नुसती विनंती, आणि वरून काहीच सांगितलं नसेल तेव्हाच ती मानली जाते. एजंट हाताने चालवून आउटपुट वाचा. लोकल एन्व्हायर्नमेंट पपेटच्या मुख्य सर्व्हरने सांगितलेल्याशी जुळत नाही, म्हणून फेरी पुन्हा सुरू करतोय, अशा अर्थाची ओळ दिसली की तो सर्व्हर सोडा आणि स्क्रिप्ट उघडा. आणखी एक फसवणूक: कॉन्फिग प्रिंटची कमांड सेक्शन न सांगता चालवली की ती मेन सेक्शन वाचते. तुमची ओळ एजंट सेक्शनमध्ये असेल तर तिथे प्रॉडक्शनच दिसत राहणार.

यापेक्षा खोलवरची चूक म्हणजे एन्व्हायर्नमेंट या शब्दाचा घोळ. पपेटच्या लेखी एन्व्हायर्नमेंट म्हणजे कोडची एक आवृत्ती, बहुतेकदा गिटमधली एक ब्रँच. आपण मात्र त्याला डेव्ह, टेस्ट, प्रॉड अशी सर्व्हरची जात समजतो आणि हायराच्या (सेटिंगच्या किमती डेटा फाइलींमधून शोधून देणाऱ्या पपेटच्या भागाच्या) पाथमध्ये तोच व्हेरिएबल घालतो. मग एखाद्या प्रॉडक्शन सर्व्हरवर दुरुस्तीची ब्रँच तपासायला गेलो, की हायरा त्या ब्रँचच्या नावाची डेटा फाइल शोधतो. ती नसते. तो गुपचूप खालच्या कॉमन फाइलवर उतरतो आणि प्रॉडक्शनचा पासवर्ड, पोर्ट, सगळं बदलतं. एरर कुठेच नाही. म्हणून सर्व्हर कुठल्या जातीचा आहे हे वेगळ्या फॅक्टमध्ये ठेवा आणि हायराला तोच द्या. एन्व्हायर्नमेंट कोडपुरतं राहू द्या.

ब्रँचच्या नावात हायफन नको. एन्व्हायर्नमेंटच्या नावाला छोटी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच चालतं. ब्रँचमधून एन्व्हायर्नमेंट तयार करणारं आर-टेन-के हे साधन वापरत असाल, तर तो नेहमीच्या सेटिंगमध्ये हायफनचा अंडरस्कोर करून टाकतो, आपण एजंटला हायफनवालं नाव देतो आणि मग एररशी भांडत बसतो. नवा कोड डिप्लॉय करूनही जुनाच कॅटलॉग येत असेल तर एन्व्हायर्नमेंट टाइमआउट, म्हणजे वाचलेला कोड किती वेळ साठवून ठेवायचा ते सेटिंग, बघा. तो अनलिमिटेड असेल तर पपेटचा मुख्य सर्व्हर जुनं कॅशमधलंच (साठवून ठेवलेलंच) वाढतोय. कॅश फ्लश करा.

सर्व्हर एका एन्व्हायर्नमेंटमधून दुसऱ्यात हलवताना आधी नोऑप फेरी घ्या, म्हणजे काय बदललं असतं ते दिसेल पण बदलणार काहीच नाही. यात एक गोची आहे. यादीत नाव बदललं की पुढच्या अर्ध्या तासात एजंट आपणहून खरी फेरी मारणार. ती थांबवायला बरेच जण एजंट डिसेबल करतात, आणि मग हाताने दिलेली नोऑपही चालत नाही, कारण डिसेबल दोन्हींना लागू होतं. त्यापेक्षा त्या सर्व्हरवरची पपेट सर्व्हिस बंद करा, यादी बदला, नोऑपचं आउटपुट शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, मगच सर्व्हिस चालू करा. देवगिरीवर आता हे काम आम्ही दोघं जण मिळून करतो.