सोबतवाल्याच्या चुकीनं बोट गेलं, तर मालकाकडून भरपाई कशी मागायची

दिवाळीनंतर हिंगणघाट, वणी, यवतमाळकडं जिनिंगचा (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यांचा) सीझन जोरात असतो, आणि रेच्यात (सरकी काढायच्या मशीनमध्ये) अडकलेला कापूस कोणी काढत असताना पलीकडच्यानं न पाहता बटण दाबलं की बोट जातं. मग लोक म्हणतात, "बटण त्यानं दाबलं ना, मंग मालकाले काहून धरता?"

मालकालाच धरायचं. सोबतवाल्याची चूक दाखवून सुटायची मालकाची ही पळवाट इंग्रजांच्या काळात होती खरी, 1938 च्या कायद्यानं ती बंद झाली, आणि 1923 च्या भरपाई कायद्यात चूक कोणाची हे बघतच नव्हते, अपघात कामामुळं आणि काम चालू असताना झाला एवढं पुरे. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, सूत्र तेच राहिलं.

आधी दवाखाना. तिथल्या कागदावर "जिनिंगमध्ये मशीनवर लागलं" हे लिहून घ्याच, कारण मुकादम सोबत येतो आणि हळूच "घरी लागलं" लिहायला लावतो, पुढं सगळं तिथंच अडकतं. बिलं, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा.

मग मालकाला लेखी कळवा, तारीख, वेळ, काय झालं ते, आणि पोच घ्या, देत नसेल तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. हजेरीचा फोटो, पगाराचे मोबाईलवरचे मेसेज काढून ठेवा. बटण दाबणाऱ्याशी मात्र भांडू नका, तोच तुमचा पहिला साक्षीदार आहे.

ठेकेदाराकडून कामाला लागले असाल तरी जिनिंगवाल्यावर दावा करता येतो. पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापत असतील तर रस्ता वेगळा, दावा ईएसआयकडंच.

पैसे किती? वय 40, पगार 10,000, अंगठा गेला. पगाराचे 60 टक्के म्हणजे 6,000, त्याला कायद्यातल्या तक्त्यात या वयासाठी दिलेल्या 184.17 या आकड्यानं गुणा, अंगठ्याचे त्यातले 30 टक्के, म्हणजे 3,31,506 रुपये. दवाखान्याचा खर्च वेगळा. तीन दिवसांत बरं होणाऱ्या जखमेला काही नाही, आणि दारू पिऊन काम करताना लागलं तर मालक हात वर करू शकतो (मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तेही चालत नाही).

महिनाभरात पैसे नाही आले तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जाऊन दावा कुठं लावायचा ते विचारा, दोन वर्षांच्या आत. तोवर कोणी तीस-चाळीस हजार हातावर ठेवून कोऱ्या स्टॅम्पवर सही मागितली तर करू नका बाप्पा, आणि घाबरून केलीच असेल तरी दावा लावा, हक्क सोडल्याचं असं लिहून घेतलेलं कायद्यात टिकत नाही.