काल्पनिक ट्रेड मांडावा कसा आणि त्यावर वाद घालावा कसा

अमेरिकेतील बास्केटबॉल लीग एनबीएचा चाहता काल्पनिक ट्रेड, म्हणजे संघांमधील खेळाडूंची अदलाबदल, मांडतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्या संघाला काय हवे आहे येथूनच सुरुवात करतो. नको असलेले दोन खेळाडू, दूरच्या वर्षाचा एखादा ड्राफ्ट पिक (नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील हक्क) आणि त्या बदल्यात समोरच्यांचा सर्वोत्तम खेळाडू, असे त्याचे स्वरूप असते. समोरच्या संघाचा चाहता तो वाचून चिडतो आणि चर्चा तेथेच संपते. हे टाळण्याचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला मार्ग म्हणजे प्रस्ताव आधी समोरच्या संघाच्या बाजूने लिहून काढणे. त्या संघाच्या जनरल मॅनेजरला आपल्या मालकासमोर उभे राहून हा ट्रेड समजावून सांगायचा आहे असे समजा आणि त्याच्या तोंडी दोन वाक्ये घाला: या ट्रेडमुळे आमची कोणती उणीव भरून निघते, आणि याहून चांगला देकार दुसरीकडून का मिळणार नाही. ही दोन वाक्ये प्रामाणिकपणे लिहिता आली नाहीत, तर प्रस्ताव मांडण्याआधीच बदलावा.

त्यानंतर पगाराचा हिशेब करावा. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकाने येथे एक फरक लक्षात ठेवला पाहिजे. लिलावात पर्स संपली की खरेदी थांबते. एनबीएची सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, मात्र तशी कडक नाही. 2025-26 च्या हंगामासाठी ती सुमारे 15.46 कोटी डॉलर होती आणि बहुतेक संघ तिच्या वरच होते. कॅपच्या वर असलेल्या संघाला ट्रेडमध्ये खेळाडू घेताना साधारण तितक्याच पगाराचे खेळाडू द्यावे लागतात, आणि किती फरक चालेल हे तो संघ पगाराच्या कोणत्या पायरीवर उभा आहे त्यावर ठरते. त्याच हंगामात लक्झरी टॅक्सची रेषा (जिच्या वर संघाला जादा कर भरावा लागतो) 18.79 कोटींवर होती; तिच्याही वरच्या, एप्रन नावाच्या दोन रेषांपैकी पहिला एप्रन 19.59 कोटींवर आणि दुसरा एप्रन 20.78 कोटींवर होता. पहिल्या एप्रनच्या वर असलेल्या संघाला दिलेल्या पगारापेक्षा जास्त पगार परत घेता येत नाही. दुसऱ्या एप्रनच्या वर गेल्यास दोन खेळाडूंचे पगार एकत्र जोडून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, ट्रेडमध्ये रोख रक्कम देता येत नाही आणि सात वर्षांनंतरचा फर्स्ट राउंड पिकही (ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतील हक्क) गोठवला जातो, म्हणजे ट्रेडमध्ये देता येत नाही. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतील 2023 च्या सामूहिक करारापासून काल्पनिक ट्रेडचे सगळे गणित या दोन रेषांभोवती फिरू लागले आहे. त्यामुळे दोन्ही संघ कोठे उभे आहेत हे प्रस्तावाच्या पहिल्याच ओळीत सांगितले, तर निम्मे निरर्थक वाद टळतात.

हे नियम प्रत्यक्षात कसे चालतात ते पाहण्यासाठी 2024-25 च्या हंगामाच्या तोंडावर झालेला कार्ल-अँथनी टाउन्सचा ट्रेड उत्तम आहे. मिनेसोटा टिंबरवुल्व्हज दुसऱ्या एप्रनच्या वर होते. त्यांना दोन खेळाडूंचे पगार जोडून मोठा खेळाडू आणता आला नसता. परंतु एकट्या टाउन्सचा सुमारे 4.92 कोटींचा पगार देऊन त्या बदल्यात अनेक खेळाडू घेण्यास कोणतीही आडकाठी नव्हती. न्यूयॉर्क निक्सने ज्युलियस रँडल आणि डॉन्टे डिव्हिन्चेन्झो दिले, पण त्या दोघांचा पगार मिळून टाउन्सच्या पगारापर्यंत पोहोचत नव्हता. ही तफावत भरून काढण्यासाठी निक्सने आणखी काही खेळाडूंशी करार करून त्यांना लगेच शार्लट हॉर्नेट्सकडे पाठवले, आणि दोन संघांचा ट्रेड तीन संघांचा झाला. तिसरा संघ प्रस्तावात आणताना हीच कसोटी लावावी. त्या संघाला या व्यवहारातून काय मिळते हे सांगता आले पाहिजे. केवळ आपला ताळा जुळावा म्हणून कोणीही आपल्या पंधरा जणांच्या यादीतील जागा फुकट देत नाही. याच कारणाने एकास तीन असा ट्रेड मांडताना, घेणाऱ्या संघाला यादीतून कोणाला कमी करावे लागेल हेही लिहावे.

सर्वांत जास्त चुका ड्राफ्ट पिकांबाबत होतात, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. संघाला पुढील सात वर्षांपर्यंतचे पिक देता येतात, परंतु भविष्यातील लागोपाठ दोन वर्षे आपल्याकडे एकही फर्स्ट राउंड पिक उरणार नाही अशी वेळ आणता येत नाही. या नियमाला टेड स्टेपियन यांचे नाव पडले आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ते क्लीव्हलँड कॅव्हलियर्सचे मालक होते आणि त्यांनी संघाचे पिक सलग वाटून टाकले होते. नियम माहीत नसलेला चाहता ‘पुढचे चार फर्स्ट राउंड पिक’ असे लिहून मोकळा होतो, आणि पहिल्याच प्रतिसादात त्याचा प्रस्ताव बाद ठरतो. जाणकार चाहता एक वर्ष सोडून पिक देतो आणि मधल्या वर्षांत अदलाबदलीचा हक्क, म्हणजे स्वॅप (दोन संघांच्या पिकांपैकी वरचा पिक घेण्याची मुभा), देऊ करतो. 2013 मध्ये ब्रुकलिन नेट्सने केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स यांच्यासाठी बॉस्टन सेल्टिक्सला दिलेली किंमत नेमकी अशीच होती: 2014, 2016 आणि 2018 चे पिक, शिवाय 2017 चा स्वॅप. गार्नेट आणि पिअर्स दोघेही तेव्हा पस्तिशी गाठलेले होते. ब्रुकलिनची घसरण झाली आणि ते पिक वर सरकत गेले. 2016 च्या पिकातून बॉस्टनला जेलन ब्राउन मिळाला; 2017 च्या स्वॅपमधून आलेला पहिल्या क्रमांकाचा पिक फिलाडेल्फियाला देऊन तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम घेता आला. 2024 चे विजेतेपद बॉस्टनने याच दोघांच्या बळावर मिळवले.

म्हणून पिकाची किंमत ठरवताना ‘एक फर्स्ट राउंड पिक’ असे मोघम लिहू नये. कोणत्या संघाचा, कोणत्या वर्षाचा, संरक्षण असलेला (ठरावीक वरच्या क्रमांकावर आल्यास देणाऱ्याकडेच राहणारा) की नसलेला, आणि त्या वर्षी तो संघ कितपत चांगला असेल, हे चारही मुद्दे स्पष्ट करावेत. 2019 मध्ये लॉस एंजेलिस क्लिपर्सने पॉल जॉर्जसाठी ओक्लाहोमा सिटी थंडरला शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पाच फर्स्ट राउंड पिक आणि दोन स्वॅप दिले. त्या वेळच्या वादात बहुतेकांचे लक्ष पिकांच्या संख्येवर होते. खरे मोल एक वर्ष खेळलेल्या गिल्जस-अलेक्झांडरमध्ये दडले होते. 2025 मध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि थंडरने विजेतेपदही मिळवले. तरुण खेळाडूला ‘भर’ म्हणून प्रस्तावात टाकणाऱ्या प्रत्येकाने हा व्यवहार डोळ्यांसमोर ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

पगार जुळला म्हणजे ट्रेड न्याय्य झाला असे नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने लुका डॉन्चिचला लॉस एंजेलिस लेकर्सकडे पाठवले आणि त्या बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि 2029 चा एक फर्स्ट राउंड पिक घेतला. दोन्ही प्रमुख खेळाडूंचा पगार 4.3 कोटींच्या आसपास होता, त्यामुळे हिशेबाच्या दृष्टीने व्यवहार चोख होता. तरीही हाच ट्रेड एखाद्या लेकर्सप्रेमीने महिनाभर आधी मांडला असता, तर कोणी त्याकडे लक्षही दिले नसते. तेव्हापासून कोणत्याही अवाजवी प्रस्तावाच्या समर्थनार्थ डॉन्चिचचे उदाहरण पुढे केले जाते. माझ्या मते ते चुकीचे आहे. डॅलसने इतर संघांकडून खुलेपणाने देकार मागवले नव्हते. काल्पनिक ट्रेडवर वाद घालताना मात्र आपण उरलेल्या अठ्ठावीस संघांनाही बोलीत गृहीत धरतो. म्हणून प्रतिवाद करताना ‘हे कधीच होणार नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘अमुक संघ याहून जास्त देऊ शकतो, तो असा’ हे दाखवावे.

फ्री एजंटविषयी, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूविषयी, बोलताना प्रश्न वेगळा असतो: पैसा कोणत्या मार्गाने येणार? संघाकडे कॅपखाली मोकळी जागा आहे, मिड-लेव्हल एक्सेप्शन (कॅपच्या वर असतानाही ठरावीक रकमेपर्यंत करार करण्याची सवलत) आहे, की खेळाडू स्वतःचाच असल्याने बर्ड राइट्स आहेत, यांपैकी एक मार्ग निवडून लिहावा. लॅरी बर्डच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या हक्कामुळे संघाला कॅप ओलांडूनही आपला खेळाडू राखता येतो आणि त्याला पाच वर्षांचा करार देता येतो. इतर संघ चारच वर्षे देऊ शकतात. खेळाडू रेस्ट्रिक्टेड असेल, तर त्याचा मूळ संघ देकाराची बरोबरी करून त्याला परत घेऊ शकतो, म्हणून अशा खेळाडूसाठी मांडलेला पगार मूळ संघाला नकोसा वाटेल इतका मोठा असावा लागतो.

2016 मध्ये केव्हिन ड्युरंट गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे गेला, तो केवळ त्याची इच्छा होती म्हणून नव्हे. नव्या दूरचित्रवाणी करारामुळे कॅप एका वर्षात 7 कोटींवरून 9.41 कोटींवर गेली, स्टीफन करी जुन्या करारानुसार सुमारे 1.21 कोटींवरच खेळत होता, आणि तरीही संघाला अँड्र्यू बोगटला दुसरीकडे पाठवून हॅरिसन बार्न्सवरील हक्क सोडावे लागले. आपल्या प्रस्तावातही हेच दाखवायचे असते: जागा कोठून आली आणि तिच्यासाठी कोण गेले.

खेळाडूच्या मर्जीचा विचार शेवटी करावा, पण करावा. मुदत संपत आलेला तारा आपल्याकडे करार वाढवणार नसेल, तर त्याची किंमत घसरते. टोरंटो रॅप्टर्सने 2018 मध्ये कवाय लेनर्डसाठी एका वर्षाचीच खात्री असताना जोखीम पत्करली, 2019 चे विजेतेपद जिंकले आणि त्याच उन्हाळ्यात त्याला गमावले. असा प्रस्ताव मांडणाऱ्याने आपला संघ त्या एका वर्षासाठी तयार आहे का, हे सांगितले पाहिजे.

प्रस्तावावर तारीखही असावी. उन्हाळ्यात करार केलेल्या बहुतेक खेळाडूंचा ट्रेड 15 डिसेंबरपूर्वी करता येत नाही, त्यामुळे नोव्हेंबरमधील अनेक प्रस्ताव नियमातच बसत नाहीत. फेब्रुवारीतील अंतिम मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गुरुवारी दुपारी तीनला संपते, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे दीड वाजता. इतर संघांच्या फ्री एजंटशी बोलणी 30 जूनला संध्याकाळी सहाला सुरू होतात. तेव्हा भारतात 1 जुलैचे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. त्या रात्री जागणार असाल, तर आपला प्रस्ताव आदल्या संध्याकाळीच पगाराच्या आकड्यांसह लिहून ठेवा.